शार्दूलला वर घेईपर्यंत

२८ मार्च, शुक्रवार. लुडविग्सहाफेन

काल अमेरिकेत मोठ्या लीगचे सामने सुरू झाले आणि आमचा शार्दूल खालीच राहिला. घरात कोणी धड जेवलं नाही. नीलिमाने केलेली आमटी तशीच पातेल्यात पडून होती, ती आज सकाळी मी पोळी कुस्करून संपवली. पोराचा राग अन्नावर कशाला.

शार्दूल म्हणजे माझा नातू, विनय आणि नीलिमाचा एकुलता एक. जन्म इथलाच, जर्मनीतला. नदीपलीकडे मानहाइमला अमेरिकन सैनिक होते, त्यांच्यापासून तिथे बेसबॉलचा नाद आहे. तो याला आठव्या वर्षी लागला आणि सतराव्या वर्षी तिकडच्या एका टीमने करार करून नेला. आता बाविशीत आहे. मोठ्या टीमच्या हाताखाली एक धाकटी टीम असते, तिथे पोरांना लोणच्यासारखं मुरत ठेवतात. हा मुरून तयार झाला. मार्चच्या सराव सामन्यांत सगळ्यांत लांबचे फटके याचे. तरी खाली.

का, ते विनयने समजावून सांगितलं. तो केमिकलचा इंजिनियर, पायरीपायरीने सांगतो. मोठ्या टीममध्ये एकशे बाहत्तर दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरतात. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, पाहिजे त्या टीमकडे जावं. पण पहिल्या वर्षी त्याला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे खालीच ठेवला, की ते वर्ष काही केल्या भरत नाही. मग तो आणखी एक वर्ष त्यांच्याच दावणीला. असं तोंडाने कोणी म्हणत नाही. म्हणतात, पोरगा गुणी आहे, पण फील्डिंगला जरा जड आहे, अजून तयारी पाहिजे.

मी म्हटलं, अरे, हा तर आपला ब्रेक. बार्शीला नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात मी रोजंदारीवर होतो, तेव्हा दोनशे चाळीस दिवस भरले तर माणूस कायम करावा लागेल म्हणून त्याच्या आतच आम्हाला थोडे दिवस घरी बसवायचे. ते दिवस फार विचित्र असत. गाव तेच, खांबावरचे दिवे तेच, पण मुकादम समोरून गेला तरी ओळख देत नसे. जणू आपण नाहीच. मी त्या दिवसांत आरशात बघायचंसुद्धा टाळत असे.

विनय म्हणाला, तिकडे संघटना आहे, वकील आहेत, एजंट आहे, तसं नसतं ते. असेल. पण बोलताना त्याचं तोंड ब्रेकवर बसवलेल्या माणसासारखंच दिसत होतं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

उठलो तर भिंतीवरचं घड्याळ एक सांगतंय आणि फोन दुसरंच. नीलिमा म्हणाली, इथे आज घड्याळ तासभर पुढे करतात, रात्रीचा एक तास झालाच नाही असं धरायचं. ऐन पाडव्याला एक तास गेला कुठे, हे मला काही पचेना. पण सगळं शहर तसं धरून चाललंय म्हटल्यावर आपणही धरावं.

गुढी बाल्कनीत उभी केली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाकून विचारलं, तांब्या उलटा का. नीलिमाने जर्मनमध्ये काहीतरी गोड सांगितलं, त्या हसल्या आणि गेल्या.

आणि मी देव पाण्यात घातले.

देव मी बार्शीहून डब्यात कापूस घालून बरोबर आणलेत. ही गेल्यापासून घरी दिवा लावणारं कोणी नाही, तीन महिने देव कोणाच्या भरवशावर सोडणार? गणपती, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक. विनयच्या इथल्या नोकरीचं अडलं होतं तेव्हा हिने असेच देव पाण्यात घातले होते. मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, एवढं मला ठाऊक. म्हणजे देवालाही घाई सुटते, असं ही म्हणायची. बाकी ती काय पुटपुटायची, मागणं पुरं झालं नाही तर काय करायचं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण बायकोला काय काय विचारून ठेवायचं, हे ती असताना कुठे सुचतं.

मी आपलं माझ्या शब्दांत सांगितलं. शार्दूलला वर घेईपर्यंत तुम्हाला पाण्यातून काढणार नाही.

विनय चहा घेऊन उभा होता. "म्हणजे देवांना ओलीस ठेवताय, बाबा," तो म्हणाला. वर असंही म्हणाला की इथल्या पाण्यात चुना फार, चार दिवसांत देव पांढरे होतील. नीलिमाने मिक्सर सरकवला आणि खिडकीपाशी तांब्याच्या घंगाळाला जागा करून दिली.

४ एप्रिल, शुक्रवार

शार्दूलचा व्हिडिओ कॉल. मी मराठीत विचारतो, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, मध्ये नीलिमा. चेहरा बघितला की मला निम्मं कळतं.

तब्येत बरी, पण चार-पाच दिवस झाले, कानात दडे बसलेत म्हणाला. "वी उन्टर वासर, आबा." पाण्याखाली असल्यासारखं. टीमच्या डॉक्टरने तपासलं, कान स्वच्छ आहेत. मी त्याला लसणीचं तेल कोमट करून घालायला सांगितलं. तो हसला. एरवी त्याचं हसणं फोनमधून खोलीभर होतं, आजचं फार लांबून आलं. नेटवर्कही नीट नसेल.

९ एप्रिल, बुधवार

एक गंमत लिहून ठेवतो. घंगाळातलं पाणी तसूभरही आटलेलं नाही. खिडकीखाली हीटर आहे, वर ओला टॉवेल टाकला तर तासात वाळतो. आणि चुना नाही. किटलीला आतून पांढरी खपली धरली, देव मात्र लख्ख. मला वाटलं नीलिमा भर घालत असेल. तिला वाटलं मी घालतो.

बाळकृष्ण पालथा पडलेला दिसला. मी ठेवताना तर त्याचं तोंड वर होतं, तसा रांगतच असतो तो. सरळ केला. संध्याकाळी बघतो तर परत पालथा.

१३ एप्रिल, रविवार

विनयच्या हिशेबाने आजपासून टीमची अडचण संपली. आता वर घेतलं तरी वर्ष भरत नाही. म्हणजे आता कधीही फोन यावा. नीलिमाने शिऱ्याचा रवा भाजून ठेवलाय.

रविवारचा सामना तिकडे दुपारी असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातला. आम्ही तिघं टीव्हीसमोर. पहिलाच फटका शार्दूलने असा मारला की चेंडू कुंपणाबाहेर. विनयने माझ्या मांडीवर थाप मारली.

मग हे लोक फील्डिंगला आले. शार्दूल उजव्या कडेला, लांब उभा असतो. चेंडू उडाला, बाकीचे हलले, आणि हा क्षणभर तसाच. मग हळूहळू पाय उचलायला लागला, ओढ्यातून चालतो ना माणूस, तसा. चेंडू त्याच्यापुढे टप्पा घेऊन गेला.

विनय म्हणाला, चित्र अडकतंय.

"मग बाकीच्यांचं का नाही अडकत?" नीलिमाने विचारलं.

विनय उठला आणि राउटर बंद करून परत चालू केला. पुढचे तीन झेल त्याने तसेच सोडलेले आम्ही बघितले. रवा डब्यात भरून ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

एजंट म्हणून जो मनुष्य आहे तो विनयशी बोलला. वर घ्यायचं ठरत आलं होतं. पण आता प्रशिक्षकच सांगताहेत की पोरगा खरोखर जड झालाय. गंमत बघा, खोटं कारण पुढे केलं होतं, ते पाय फुटून चालत आलं.

नीलिमाला शार्दूलने आणखी एक सांगितलं, ते तिने मला भांडी घासता घासता सांगितलं. त्याचे बूट ओले होतात. पाऊस नाही, मैदान कोरडं, पण खेळ संपल्यावर बूट काढले की पाणी निथळतं. बाकीची पोरं त्याला हसतात. त्याने बुटांचे तीन जोड बदलले.

मी म्हटलं, घाम असेल. तरुण रक्त.

ती म्हणाली, "बाबा, घाम इतका गार असतो का?"

मी आपला जास्त वेळ घंगाळाशी बसतो. सकाळ-संध्याकाळ वाकून एकेका देवाच्या तोंडाकडे बघतो, म्हणतो, बाबांनो, मनावर घ्या. बाळकृष्णाला रोज सरळ करतो.

२० एप्रिल, रविवार. इथला ईस्टर

गल्लीत शुकशुकाट. घंटा मात्र सारख्या वाजताहेत. आज तिकडे सामना नव्हता, म्हणून शार्दूल निवांत बोलला. दाढी वाढलीय, डोळ्यांखाली काळं. आज आपणहून मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता, शब्द अडला की जर्मन. त्यामुळे मला बहुतेक कळलं.

त्याला रोज एकच स्वप्न पडतं. गोल खोली आहे. भिंती पिवळ्या-तांबूस, चकचकीत, कोपरा कुठेच नाही. खोली पाण्याने भरलेली आणि तो तळाशी हातापायांवर. बाजूला आणखी कोणी आहेत, पण ते हलत नाहीत. वर उजेड. आणि मग वरून एक भलामोठा चेहरा येतो आणि बघतो.

"काय करतो?" मी विचारलं.

"निश्ट्स, आबा. एर गुक्ट नुअर." काही नाही, नुसता बघतो. "मी ओरडतो, पण त्याला ऐकू येत नाही. कधी कधी बोटाने मला उलटा करतो."

मी म्हटलं, प्रशिक्षकाची धास्ती घेतलीस तू, तोच येतो स्वप्नात. त्याने मान हलवली. नाही म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आहे. जाड काचांचा चष्मा, आणि एका बाजूला काडीला दोरा बांधलाय.

मी हसून म्हटलं, माझाही आहे बघ तसाच, फेब्रुवारीत स्क्रू पडला तेव्हापासून. तोही हसला. मग त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

बिचारा. घरची आठवण येत असणार. माझं तोंड रोज फोनवर बघतो, तेच डोक्यात बसलं असेल.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी दिवा लावला आणि सवयीने घंगाळावर वाकलो. खिडकीतून ऊन पाण्यावर आलं होतं. तांब्याच्या गोल कडा आतून तांबूस-पिवळ्या झळकत होत्या. पाण्यात माझं तोंड हलत होतं, चष्मा आणि दोरा. खाली बाळकृष्ण पालथा.

मी चष्मा काढला आणि मागे सरकलो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. नीलिमा आली तेव्हा गॅसवर दूध उतू गेलं होतं.

हिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. मागणं पुरं न होता देव काढले तर मागणं कायमचं मोडतं, एवढं मला कळतं. म्हणजे पोराला वर घेणं कायमचं राहिलं. आणि नाही काढले तर? मी काहीतरीच विचार करतोय असंही वाटतं. सत्तरी उलटल्यावर डोकं असल्या वाटेला जातं.

तरी संध्याकाळी विनयला म्हटलं, देव काढून घेतो आज. वाटलं हसेल. तो हसला नाही. कोट अंगात होता तसाच स्वयंपाकघरात आला आणि घंगाळाच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला.

"चार दिवस राहू द्या, बाबा. एजंट म्हणतोय, वरच्या टीममधल्या एकाचा पाय दुखावलाय. या आठवड्यात कोणाला तरी घेणार आहेत."

"विनू, तुझा विश्वास तरी आहे का?"

"तुमचा आहे ना," तो म्हणाला. "मग आत्ताच कशाला मोडता?"

राहू दिले. बाळकृष्णाला मात्र हात लावला नाही. वर वाकलोही नाही.

२७ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहून टाकतो.

सातचा सामना. शार्दूल उजव्या कडेला उभा. ऊन मी म्हणतंय, पण त्याच्या भोवतीचं गवत काळसर दिसत होतं. तिसरा डाव चालू होता. चेंडू त्याच्याकडे आलेला नाही, त्याच्या आसपास कोणी नाही, आणि पोरगा एकदम गुडघ्यावर आला. मग दोन्ही हात जमिनीवर. रांगणाऱ्या मुलासारखा. कॅमेऱ्याने जवळून दाखवलं. तोंड उघडं होतं, मिटत होतं, परत उघडत होतं. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं, पण उलट.

नीलिमाने माझ्याकडे बघितलं. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं.

मी उठलो. विनय "बाबा" म्हणाला, मी थांबलो नाही. गणपती काढला, अन्नपूर्णा काढली, टाक काढला, पंचावर ठेवले. पाणी बर्फासारखं होतं. बाळकृष्ण तळाला चिकटला होता, नख घालून सोडवावा लागला. तो बाहेर आला तेव्हा बाहेरच्या खोलीतून नीलिमाचा आवाज आला, "उठला. उभा राहिला."

मी पितळेचा तो एवढासा देव पुसत राहिलो. पंचा चिंब झाला तरी त्याच्या अंगातून पाणी येतच होतं.

वळून बघितलं तर विनय दारात. तो एकदा टीव्हीकडे बघत होता, एकदा माझ्या हाताकडे.

२९ एप्रिल, मंगळवार

शार्दूलचा फोन. पहिलं वाक्यच मराठीत. "आबा, मला ऐकू येतंय." कान मोकळे, खोकला नाही, स्वप्न नाही, दहा तास झोपला. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं होतं. मी पाठ फिरवून डोळे पुसले.

वर दुसऱ्या पोराला घेतलं. हे त्याने शेवटी सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, आल्झो, म्हणजे, काही हरकत नाही. बावीस वर्षांच्या पोराला हरकत नसते का? आवाजावरून कळतं.

विनय माझ्याशी बोलत नव्हता. रात्री जेवण झाल्यावर मात्र जवळ येऊन बसला आणि विचारलं, घंगाळात पाणी किती होतं. म्हणजे बाळकृष्णाच्या डोक्यावर किती बोटं. मी म्हटलं, चार असतील. "आणि पहिल्या दिवशीसुद्धा चारच?" कशाला रे, मी विचारलं. काही नाही म्हणाला. पोरगा बोलला हेच खूप, म्हणून मी सगळं सांगितलं.

१ मे, गुरुवार. इथे कामगार दिनाची सुट्टी

दुपारी फोन आला. शार्दूलला वर घेतलं.

जखमी झालेल्याच्या जागी ज्याला नेलं होतं तो आजारी पडला म्हणे, आणि शार्दूल दोन दिवस झाले चांगला पळतोय. उद्या सकाळी विमान. फोनवर पोराचं हसणं खोलीभर झालं. मी म्हटलं, देवाने ऐकलं हो, बाहेर काढूनसुद्धा ऐकलं. नीलिमाने शिरा केला. वाटी घेऊन मी देवापुढे गेलो.

बाळकृष्ण जागेवर नव्हता.

विनय खुर्चीतून न उठता म्हणाला, माझ्या खोलीत आहे.

त्याच्या टेबलावर काचेचं भांडं होतं, केमिकलवाल्यांचं, रेघा आखलेलं. आत बाळकृष्ण. पाणी बरोबर त्याच्या हनुवटीपर्यंत. खाली रबराची चकती, देव पालथा होऊ नये म्हणून.

विनय माझ्यामागे येऊन उभा राहिला. "नाकात जात नाही, बाबा. नीट बघून घातलंय. तुम्ही पूर्ण बुडवला होता, तिथे चुकलं."

मी भांड्याकडे हात नेला. त्याने मनगट धरलं. इतकी वर्षं झाली, पोराने माझं मनगट कधी धरलं नव्हतं.

"आता त्याचे दिवस धरायला लागलेत. एक वर्ष पुरं होऊ दे. मग काढू."

"आणि मग दुसरं वर्ष?"

त्याने मनगट सोडलं नाही.

नीलिमा दारात होती. हातात अजून उलथनं. ती आत आली, तिने भांडं बघितलं, आणि खिशातला फोन काढून शार्दूलला लावला. म्हटलं आता ही रडेल किंवा ओरडेल. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाय गार पडलेत का रे तुझे?"

तिकडून तो हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर, आई. मानेपर्यंत गार वाटतंय सगळं. तुला कसं कळलं?"

"काही नाही. मोजे घाल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग पाण्यात हात घालून तिने बाळकृष्ण बाहेर काढला, पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या टोकाला पुसला आणि माझ्या हातात दिला.

विनय म्हणाला, "आठ दिवसांत खाली पाठवतील त्याला."

"पाठवू देत," ती म्हणाली.

शिरा गार झाला होता. तरी खाल्ला तिघांनी.

४ मे, रविवार

शुक्रवारी आणि काल शार्दूलला बाकावरच बसवलं. आज खेळवणार होते. सातला आम्ही टीव्हीसमोर. एवढं मोठं मैदान, एवढी माणसं, आणि त्यात आमचा पोरगा, पाठीवर आडनाव लिहिलेलं. मी तीनदा चष्मा पुसला. देव सगळे कोरडे, जागच्या जागी. टीव्हीपुढे येताना मी हात लावून बघितले होते.

दुसऱ्या डावात चेंडू त्याच्याकडे गेला. साधा होता. हातात आलेला सुटला. चाळीस हजार माणसांनी आवाज केला. बोलणारा माणूस काहीतरी बोलला, त्यातलं फील्डिंग एवढंच मला कळलं. नीलिमा म्हणाली, होतं असं पहिल्या दिवशी. विनय उठून आत गेला.

त्यानंतर थोड्याच वेळात काय झालं कोणास ठाऊक, पोरगा बदलला. चेंडू बॅटला लागायच्या आत पळत सुटल्यासारखा. पाय जमिनीला टेकत नव्हते. एक झेल तर कुंपणाला पाठ लावून घेतला. नीलिमा दोन्ही हात तोंडावर धरून बसली. मी म्हटलं, विनूला बोलाव, त्याने बघायला पाहिजे. तेव्हा लक्षात आलं, बाथरूममध्ये नळ केव्हापासून वाहत होता आणि आता थांबला होता.

मी गेलो. दार लोटलेलंच होतं.

विनय टबात होता. अंगात तसाच शर्ट, स्वेटर, पायात मोजे. डोळ्यांवर चष्मा. पाणी हनुवटीपर्यंत. टबाच्या कडेला फोन उभा केलेला, त्यात शार्दूल पळत होता.

"दार लावा, बाबा. वारा येतो."

मी पाण्यात बोट घातलं. घंगाळात होतं तसंच बर्फ.

"ऊठ, विनू."

"कोणाला तरी पाण्यात राहायला पाहिजे ना," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते. आवाज मला लांबून आला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. "नीलिमा म्हणते ते बरोबर आहे, त्याला नको. म्हणून मी. सामना असेल तेवढाच वेळ. मी हिशेब केलाय."

मी त्याचा दंड धरून ओढायला गेलो. त्याच वेळी फोनमधला शार्दूल अडखळला, गुडघा टेकता टेकता सावरला. आम्ही दोघांनी बघितलं. मी दंड सोडला.

विनयचे डोळे मिटायला लागले होते. मान एका बाजूला कलली, पाणी हनुवटीवरून ओठांवर आलं. तो तीन महिन्यांचा होता तेव्हा ही तापाने पडली होती आणि मी त्याला परातीत आंघोळ घालायचो. डोकं केवढंसं होतं, एका तळव्यात मावायचं. मी टबाशेजारी खाली बसलो, हात पाण्यात घातला आणि त्याच्या डोक्याखाली धरला. केस पांढरे झालेत बरेच. मला कधी दिसले नव्हते.

बाहेरून नीलिमाने हाक मारून सांगितलं, जिंकले. मी सांगितलं, येतोच आम्ही.

आता विनय दोन ब्लँकेट घेऊन झोपलाय. त्याला श्वास लागतो तेव्हा मी उठून बघून येतो. माझा उजवा हात कोपरापर्यंत बधिर आहे, म्हणून अक्षर असं. नीलिमाला अजून सांगितलेलं नाही.

उद्या सामना आहे. परवाही आहे. बाथरूममध्ये एक स्टूल नेऊन ठेवलंय, खाली बसलं की गुडघे फार दुखतात.